थोरल्याच्या हातचं पाणी

जूचंद्रचा भूपेश घरत नायगावच्या एका टॉवरमध्ये सोसायटीचा मॅनेजर आहे. वय अठ्ठेचाळीस, चेहऱ्यावर त्याहून दहा वर्षं जास्त. दिवसभर लोक गळणारं छत आणि बंद लिफ्ट घेऊन त्याच्याकडे येतात, तो ‘बघतो’ म्हणतो. दुपारी डबा संपला की केबिनचं दार लोटून तो मोबाइलवर कादंबरीचा पुढचा भाग टाइप करतो. कादंबरीचं नाव ‘सहा भावांचं शेंडेफळ’, लेखिकेचं नाव मनोरमा. मनोरमा म्हणजे हा मिशीवाला, हे कोणालाच ठाऊक नाही.

गोष्ट अशी की विमा कंपनीतली एक कारकून मुलगी फायलीवर डोकं टेकून झोपते आणि जागी होते ती जुन्या काळात, एका सरदाराच्या घरी, सहा भावांची आजारी धाकटी बहीण होऊन. एक भाऊ तापात तिच्या पेजेवर साखर टाकतो आणि फुंकून गार करतो, दुसरा तिला चावलेल्या डासामागे तलवार घेऊन धावतो. वाचक खूश आहेत. भूपेश मात्र पार थकलाय. गोष्टी वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपला रोज एक भाग लागतो, आणि तीनशेच्या जवळ आल्यावर लाड तरी कुठून आणायचे?

आचोळ्याला दिलेली त्याची बहीण विनिता चपात्या लाटताना हीच गोष्ट अ‍ॅपवर ऐकते. ‘कसले भाऊ हायेत रे दादा,’ असं फोनवर सांगते. टोमणा मारत नाही, म्हणूनच त्याला ते जास्त लागतं.

त्यांच्या घरी बाहेरून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाण्याचा तांब्या जायचा, विचारपूस नंतर. आई, कृष्णाबाई, मीटर बघायला आलेल्यालाही कोरडा जाऊ द्यायची नाही. सतरा वर्षांपूर्वी, लग्नाला सहा महिने झालेले असताना, विनिता भर दुपारी पिशवी घेऊन दारात उभी राहिली. चपलेचा एक अंगठा तुटलेला. आई शेतावर होती. दारात भूपेश होता, आणि त्याने विचारलं, ‘कशाला आलीस?’

तिने त्याच्याकडे पाहिलं, ‘असंच’ म्हणाली आणि आल्या रिक्षाने परत गेली. लोक काय म्हणतील, नवं लग्न आहे, अशी त्याच्याकडे तेव्हा पुष्कळ कारणं होती. पुढे तिचा नवरा सुधारला, मुलगी दहावीला आली. त्या दुपारीबद्दल दोघंही कधी बोलले नाहीत, पण भूपेशच्या मनातून ती गेली नाही.

आता कादंबरीतली बहीण सासरहून परत यायची होती. अ‍ॅपवाल्यांचा निरोप आला: थोरल्याने तिला दारातून परत पाठवावं, दहा भाग रडारड, मग पश्चात्ताप, वाचक चिकटून राहतील. भूपेशने डबा उघडलाच नाही. टाकी साफ करणारे आले, त्यांना थांबायला सांगितलं. मग त्याने लिहिलं. पाच भाऊ तलवारी शोधत धावपळ करतात. थोरला तांब्या घेऊन पायऱ्या उतरतो, ती पिईपर्यंत उभा राहतो, पुन्हा भरून देतो. विचारत काहीच नाही. त्या भागात एकही विनोद नव्हता. लिहून झालं तसा त्याने भाग अ‍ॅपवर टाकला आणि टाकीवाल्यांना आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी विनिताचा फोन आला.

‘ऐकलास कालचा भाग?’ त्याने कधी नव्हे ते आपण होऊन विचारलं.

‘ऐकला.’ मागे कुकरची शिट्टी झाली.

‘विनू, ती लिहिणारी बाई हाय ना...’

‘बाई कसली? तापात पेजेवर साखर टाकून देनारा भाऊ दुसरा कोन हाय? तिसऱ्याच भागाला वलखला तुला.’

‘मग इतके दिवस बोलली का नाय?’

‘काय बोलू, दादा? तीनशे भाग मी वाट बघत होते, तू पानी कवा देतो त्याची.’