दादांच्या माळावरची चाचणी

आमच्याकडं वाटणीची रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. दादांनी दोन वाटे पाडले. एक ओढ्याकाठची काळी जमीन, दुसरा वरचा माळ. मला म्हणाले, "उचल." पापणी लवायच्या आत मी काळी उचलली. माळ एकरानं जास्त होता, पण त्यात पिकणार काय? कुसळं आणि दगडं. दादांनी निमूट माळ घेतला. पुढं कित्येक वर्षं मी तोंडानं दादा-दादा करत राहिलो आणि त्यांच्या माळाकडं बघून मिशीत हसत राहिलो, हे कबूल करतो.

मग एका हिवाळ्यात जळकोटच्या हायवेवरनं दोन जीपा आत वळल्या आणि थेट दादांच्या माळावर जाऊन थांबल्या. माणसं उतरली, हातोडीनं दगडं फोडून भिंगातनं बघायला लागली. चार दिवस मी कडब्याच्या गंजीआडनं बघत होतो. पाचव्या दिवशी गावभर झालं. कारखान्यांच्या धुराड्यातनं कार्बनचा जो गॅस निघतो, तो पकडून जमिनीत गाडायचा. त्याला आपल्याकडचा काळा दगड चालतो का, ते बघायचं. गावानं होकार दिला तर चाचणीचं बोअर दादांच्या माळावर पडणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

काळा दगड काय फक्त त्यांच्याच बापाचा होता का? बाप तर आमचा एकच. मी माझ्या विहिरीच्या काठावरचा सगळ्यात घट्ट दगड निवडला, घण मारला तर घंटेगत वाजणारा. मोटारसायकलला बांधून त्यांच्या तंबूवर नेला. तिथल्या साहेबानं तो हाताळला, ठोकून बघितला. म्हणाला, "दगड एक नंबर आहे काका. पण आम्हाला भोकाभोकाचा लागतो. गॅसला शिरायला जागा पाहिजे. असा भरीव दगड वरनं झाकण म्हणून ठीक, आत न्हाय चालत."

आता बघा. भोकाचा दगड आमच्याकडं गवंडी पायानं बाजूला सारतो. घराच्या पायात सोडा, गोठ्याच्या भिंतीत पण कुणी घालत न्हाय. म्या स्वतः माझ्या रानातला असला दगड वेचून वेचून ओढ्यात टाकला होता आणि पाहुण्यांना रान दाखवताना छाती फुगवत होतो. दादांनी आळसानं सगळा तसाच पडू दिला, आणि आता शिकलेली माणसं त्याला हातात धरून फोटो काढत होती. माझा दगड परत बांधून घरी आणला. बायको म्हणाली, "आता ह्याला देवळात बसवा."

पण खरं दुखणं दगडाचं नव्हतं. दादांची लेक भूगर्भशास्त्र शिकलेली. त्या लोकांनी तिला कामावर घेतलं. दगड बघायला आधी एक बारकं बोअर मारलं होतं, त्यातनं दगडाची लांब नळकांडी निघायची, ती पेटीत ओळीनं लावायची आणि वहीत उतरवायची. चाचणी झाली तर तिला इथंच कायमचं काम लागणार होतं. वहिनी गेल्यापासनं घरात बापलेक दोघंच. दादांना दुसरं काही नको होतं, लेक घरी राहावी एवढंच. आणि माझी दोन्ही पोरं पुण्याला. फोन केला की "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." तो नंतर कधी उगवत न्हाय. दादांच्या अंगणात संध्याकाळी लेकीचं हसणं ऐकू आलं की मी माझं दार लोटून घ्यायचो.

ती भोळी पोर माझ्याकडं चहाला यायची आणि सगळं समजावून सांगायची. "सोड्याच्या बाटलीत गॅस पाण्यात मुरलेला असतो ना काका, तसाच हा मुरवून खाली सोडायचा. जगाच्या पार उत्तरेला एका बेटावर आपल्यासारखाच दगड आहे, तिथं दोनेक वर्षांत गॅसचा दगड झाला. काही देश समुद्राच्या तळाखाली गाडतात. आणि काही ठिकाणी मोठमोठे प्रकल्प थाटले, परवडेना म्हणून कुलपं लागली. गॅस पकडायलाच लई खर्च. मग वाहून न्यायचा, मग खाली राहतोय का म्हणून वर्षानुवर्षं राखण करायची. जगात जेवढा धूर निघतो, त्यातला चिमूटभर पण अजून गाडला जात न्हाय."

मग तिनं आवाज बारीक केला. "एक गोष्ट मला खाते, काका. पाणी. गॅसच्या कितीतरी पट पाणी लागतं. त्या बेटावर पाणीच पाणी. आपल्याकडं कुठनं आणायचं? तंबूवरच्या सरांना विचारायचंय, पण धीर होत न्हाय. पप्पांना तर बोललेच न्हाय."

मी म्हटलं, "घे, बिस्कीट घे." आणि पाण्याचं बोलणं मनात जपून ठेवलं.

ग्रामसभा देवळापुढच्या मंडपात भरली. साहेबानं पडद्यावर चित्रं दाखवली. दादा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. लेक शेजारी, मांडीवर वही. सरपंच म्हणाले, "ज्यांचा होकार आहे त्यांनी हात वर करा." हात वर जायला लागले, तेवढ्यात मी उठलो.

"साहेब, हा गॅस मुरवायला पाणी किती लागतंय? आणि ते कुणाच्या बोअरचं?"

सगळे साहेबाकडं बघायला लागले. साहेब खोटं बोलणारा माणूस नव्हता. म्हणाला, "चाचणीला थोडं लागेल. पुढं मोठ्यानं करायचं झालं तर भरपूर लागेल. खारं, पिण्याजोगं नसलेलं पाणी वापरता येतं का, ह्यावर काम चाललंय. इथं तसं पाणी आमच्या माहितीत न्हाय." होळी झाली की टँकरची वाट बघणारं आमचं गाव. वर गेलेले हात हळूहळू खाली आले. दादांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. पोरीनं वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासनं मी गावात मोठा माणूस झालो. हॉटेलात कुणी चहाचे पैसे देऊ देईना. "सख्ख्या भावाचं होतं, तरी गावाचं बोललात." खरं सांगतो, गाव माझ्या मनात नावाला पण नव्हतं. प्रश्न बरोबर होता, एवढंच. तो पण माझा नव्हता.

महिन्याभरात जीपा गेल्या. पोरीला त्याच लोकांनी दुसऱ्या राज्यात काम दिलं. निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली. दादा तिची बॅग घेऊन दारात उभे होते.

ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमी विचारलंत ते बरं झालं. मला ठाऊक असून मी गप्प बसले. घरी राहायचा मोह होता. माझी लाज तुमी राखलीत."

दादा म्हणाले, "खरं आहे. माझ्या तोंडाकडं न बघता बोललास. लई मोठं काम केलंस."

खरं काय ते तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. मी म्हणालो, "कुणीतरी बोलायलाच पाहिजे व्हतं."

पोर वाकून माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.