शेवटच्याचा ‘हां’

क्रांतीला कोणी ‘प्रेरणा कुठून मिळते’ असं विचारलं की मला आधी हसू येतं. विचारणाऱ्याला खाडी, चांदणं, निदान एखादा पक्षी तरी हवा असतो. ही सरळ सांगते, “द्रोणागिरीला कंटेनरचे ट्रेलर रिव्हर्स घेतात ना, त्या पीं-पींवरून.” विचारणारा चहा घ्यायला निघून जातो.

आमचा सतरा जणांचा हौशी वाद्यवृंद नेरूळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी जमतो. मी दिनानाथ, निवृत्त हेडक्लार्क, व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर. या खुर्चीकडे कोणी बघत नाही आणि तिच्या चुका कोणाला ऐकू येत नाहीत. मला ती चांगलीच मानवली होती. बाकीचे सुरू झाले की दोन मात्रांनी मीही सुरू व्हायचो, आणि शेवटी सगळ्यांबरोबर थांबायचो. थांबणं मला कधी चुकलं नाही.

क्रांती आमच्यासाठी रचना करते. कळंबोलीत वाढलेली मुलगी. विहारातल्या पेटीवर सूर शिकली, नोटेशन मोबाइलवर बघून शिकली, आता एका शाळेत संगीत शिकवते. तिची आई चांगुणाबाई पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डब्यांना झाकणं बसवायची. तिथल्या चार बायकांच्या हातांचा वेग हिने चार व्हायोलिनांत घातला, तेव्हा आमची बोटं आठवडाभर सुजली होती. ट्रेलरची रचना त्याच्या आधीची. तिसरी या वर्षीची, तिचं नाव ‘बारा मीटर’.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळई बारा मीटरची येते. क्रांतीचे वडील मारोती तिथे माथाडी होते, नांदेडकडून आलेले. सळ्यांचा भारा सहा जण खांद्यावर घेतात. मुकादम पुढून आवाज देतो, पण त्या आवाजावर कोणी उचलत नाही. बाजूला कटर चालू असतो, ट्रक असतात, आणि मागच्या टोकाच्या माणसाला पुढचं ऐकू आलं की नाही हे कोणालाच माहीत नसतं. म्हणून तो शेवटचा माणूस पाय रोवतो, खांदा लावतो आणि ओरडतो, ‘हां’. मग सगळे उचलतात. मारोती तो शेवटचा माणूस. क्रांती दहा वर्षांची असताना एका नव्या मुकादमाला घाई होती. तो थांबला नाही, भारा पुढून उठला आणि सगळा भार मागे आला. मारोतींच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. चार महिन्यांनी ते परत गेले आणि पुन्हा शेवटीच उभे राहिले.

तर ‘बारा मीटर’मध्ये वृंदसंचालक हात खाली आणतो, पण कोणी वाजवत नाही. शेवटच्या खुर्चीवरचा माणूस एक लांब सूर धरतो, आणि त्यावर सगळे उठतात, म्हणजे एकदम वाजवू लागतात. रचनेत हे सात वेळा येतं. हे कळल्यावर मी क्रांतीला म्हटलं, “अगं, दुसरं कोणी बघ.” ती म्हणाली, “काका, शेवटी बसतं कोण? तुमीच ना? मग टेन्शन कशाला घेता?”

आमचा संचालक शौनक परदेशात दोन वर्षं शिकून आलेला. माणूस वाईट नाही, पण आपला हात त्याला फार प्रिय. पहिल्याच तालमीला त्याने वही बंद केली.

“क्रांती, सतरा लोकांनी एकाकडे बघायचं, याला वृंद म्हणतात.”

“आणि सतराव्याला दिसलंच नाही तर?”

“तर तो मागे राहतो. सगळीकडे तसंच असतं.”

“सगळीकडे असू दे,” ती म्हणाली. “माझ्याकडे नाही.”

कार्यकारिणीने मधला मार्ग काढला. नाव बदलून ‘खाडीकाठची पहाट’ करावं, आणि तो थांबा काढून टाकावा. क्रांतीने त्यांच्या पत्राला एका ओळीत उत्तर दिलं: पहाटेवर मी काही लिहिलेलं नाही. रचना होती तशीच कार्यक्रमात आली.

कार्यक्रम वाशीच्या नाट्यगृहात होता. पडदा उघडायच्या आधी शौनक आमच्यात फिरून हळूच सांगून गेला, “सगळ्यांनी माझ्या हातावर उठायचं. दिनानाथजी, तुमचा सूर नुसता दाखवायला.” मी ‘बरं’ म्हटलं. चाळीस वर्षं नोकरीत हेच म्हटलं होतं, तोंडाला सवय होती. क्रांती दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं.

“कोण हातावर उठणारे?” ती म्हणाली. “आत्ताच सांगा. मी स्टेजवर जाते, माइक घेते आणि लोकांना सांगते की माझी रचना रद्द. कारणपण सांगते.”

मला माझ्या ‘बरं’ची इतकी लाज वाटली की मान वर होईना. शौनक घड्याळ बघून म्हणाला, “चला, वेळ झाली.” काय ठरलं ते कोणालाच कळलं नाही.

आम्ही बसलो. शौनकचा हात वर गेला आणि त्याच क्षणी माझ्या व्हायोलिनचा खांद्यावर टेकवायचा टेकू निसटून खाली पडला, गडगडत खुर्चीखाली गेला. हात खाली आला. माझं व्हायोलिन मांडीवर, गज दातांत. मी म्हटलं, संपलं. आता हे सगळे उठणार आणि मी नेहमीसारखा मागे राहणार.

कोणी वाजवलं नाही. सोळा जण तसेच थांबले. पहिल्या खुर्चीवर शौनकचीच शिष्या प्राची बसते. तिने मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. माझ्या इथल्या अकरा वर्षांत पुढच्या रांगेतून कोणी पहिल्यांदा मागे वळलं होतं. शौनक तिच्याकडे रोखून बघत होता, ती माझ्याकडे. प्रेक्षागृहात कोणीतरी खोकलं. मी खिशातला रुमाल घडी करून खांद्यावर ठेवला, व्हायोलिन लावलं, पाय रोवले. कोणाची घाई नव्हती. मग मी सूर धरला, आणि सगळे एकदम उठले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून पुढचं पान दिसलं नाही. पाठ होतं, वाजवलं. उरलेल्या सहा वेळा शौनक हात खाली आणून मुकाट्याने माझ्या सुराची वाट बघत राहिला.

नंतर चहाला कार्यकारिणीचे सचिव आले. “सगळं छान झालं, दिनानाथ. फक्त तो सुरुवातीचा थांबा जरा लांबला.”

‘हो साहेब, चुकलंच,’ माझ्या जिभेवर आलं होतं. पण शेजारी लेकीची रचना ऐकायला आलेले मारोती बशीत चहा ओतत होते. ते मान वर न करता म्हणाले, “शेवटचा तयार नव्हता, सायेब.”

“नव्हतोच,” मी म्हटलं. “आणि पुढच्या वेळी नसलो, तर पुन्हा थांबावं लागेल.”