उस्तादचा खोटा आकडा

रस्त्यावरचे दुकानदार त्याला ‘उस्ताद’ म्हणायला लागले ते थट्टेने. त्याने ते मनावर घेतलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान कपाटाएवढं, पण ऐट अशी की जणू हे यंत्र यानेच जन्माला घातलं.

घाबरलेलं गिऱ्हाईक ही त्याची आवडती करमणूक. कुणीतरी धापा टाकत यायचं, “स्क्रीनवर तापमान एकशे सत्तावीस दाखवतंय, पेट घेईल का हो?” उस्ताद आधी पोटभर हसून घ्यायचा. मग म्हणायचा, “अहो, तिथे सेन्सर जोडलेलाच नाही. रिकाम्या जागेचा आकडा आहे तो. काम वाढलं की चढतो आणि थांबलं की उतरतो, तो आकडा खरा. ढिम्म बसलेला खोटा.”

हे मात्र अगदी बरोबर होतं. एखाद्याचं एकच वाक्य बरोबर निघावं आणि त्याने त्यावर जन्मभर मिजास करावी, त्यातला हा प्रकार. पुढे पुढे तर तो आकडा बघेनासाच झाला. तापमान दिसलं की स्क्रीनवरची ती खिडकी बंद करायची, झाली दुरुस्ती!

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हाही तो हसलाच. ती लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पहिल्यांदाच एक अख्खं पुस्तक तिच्या हाती आलं होतं आणि त्याची सगळी चित्रं कॉम्प्युटरवरच होती.

“दादा, रंगवायला घेतलं की आकडा अठ्ठ्याण्णववर जातो. थांबले की साठवर येतो. कॉम्प्युटर मधेच बंदही पडतो रे.”

म्हणजे त्याचाच धडा तिने त्याला घडाघडा म्हणून दाखवला. पण ऐकतो कोण! उस्ताद आला, खुर्चीवरही बसला नाही. उभ्या उभ्या त्याने आकड्यांची खिडकी बंद केली.

“सेन्सर खोटं बोलतोय.”

“अरे, सीपीयूला हात तर लाव. चटका बसतोय.”

“तुला लहानपणापासून सगळ्याचाच चटका बसतो,” असं म्हणून तो चालता झाला.

काही दिवसांत कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. उस्तादने येऊन उघडून बघितलं, तर आतल्या पंख्याच्या पात्यात वायर अडकलेली. मागच्या दुरुस्तीच्या वेळी ती यानेच मोकळी सोडली होती. चित्रं साठवताना यंत्र पुन्हा पुन्हा बंद पडून डिस्क खराब झाली होती. एकही चित्र परत मिळालं नाही. पुस्तक दुसऱ्या कुणाकडे गेलं.

निदान आता तरी मान खाली घालावी? छे!

“वेळेवर बोलवायचंस ना मला,” तो म्हणाला.

“बोलावलं होतं,” ती म्हणाली.

नवा कॉम्प्युटर तिने परस्पर दुसरीकडून आणला. उस्तादला राहवेना, म्हणून बघायला गेला. ती चित्र रंगवत होती. सवयीने त्याचा हात माउसकडे गेला.

“नको, दादा,” मान वर न करता ती म्हणाली. “लांबूनच बघ.”