रुमालाखालचा ब्राउझर

कुणावरही विश्वास न ठेवता सगळ्यांवर माया करणारा माणूस बघायचा असेल, तर हसनाबादला आमच्या थोरल्या ताईच्या मालकांना बघावं. दाजी गुरांच्या बाजारात दलाली करतात. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत; हातांवर रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून ठरवायचं; एका बोटाचा एक, अख्ख्या पंजाचे पाच. भोवती माणसांचं कोंडाळं असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. त्यामुळं जे रुमालाखाली होत नाही, ते दाजींना उघडंनागडंच वाटतं. त्यांना गाव विचारा, ‘हितलाच’ म्हणतील. घरात भाजी काय केली, हे ताईनं शेजारणीला सांगितलेलंही त्यांना खपत नाही.

असा माणूस इंटरनेटवर आला. पुतणीच्या टायपिंगसाठी घरात कॉम्प्युटर आला, मोबाइल तर होताच. एकदा दाजींनी सरकी पेंडेचा भाव शोधला. नंतर बातम्या उघडल्या तर तिथं पेंडेची जाहिरात, कीर्तन लावलं तर तिथंही पेंड. "मी घरात बसून इचारलं, मंग हे गल्लीभर कुणी केलं?" म्हणून त्यांचं डोकंच फिरलं. तेव्हापासून ते चुगली न करणारा ब्राउझर शोधायला लागले, आणि तेही बैल पारखावा तसं. एकेक मोबाइलवर घ्यायचा, कॉम्प्युटरवर घ्यायचा, दोन्हीकडं पेंड शोधायची आणि पेंड मागं आली की त्याला हाकलायचं. एकानं आल्या आल्या लोकेशन मागितलं. "दावणीला बांधायच्या आधीच घरात शिरून राह्यला," म्हणत तो काढला. दुसऱ्यानं आधी खातं उघडायला सांगितलं. त्याच्याशी तर बोलणंच नाही. पुतणी म्हणाली, "काका, ती इन्कॉग्निटोची गुप्त खिडकी उघडा की." दाजींनी मान हलवली. "ती घरच्यांपासून लपवती, बाई. बाजाराला सगळं दिसतंच." आतून ताई ओरडली, "माझ्या टायमाला एका चहात पसंती दिल्ती यांनी!"

शेवटी एक सापडला. माग काढणाऱ्यांना अडवणारा, बंद केला की आपला सगळा माग पुसणारा, मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हीकडं सारखा वागणारा. मग काय, घरी येईल त्या पाहुण्याच्या मोबाइलमध्ये दाजी तो बसवत सुटले.

मी सातवीतून शाळा सोडलेला, तिकडं तमिळनाडूत सूतगिरणीत कामाला. दिवाळीला आलो होतो. माझं लग्न जमवणं चाललं होतं आणि मुलीचे मामा दाजींच्या ओसरीवर पोहे खात होते. दाजींनी माझाही मोबाइल मागितला, आणि माझा हात खिशातून निघेना. तिकडं गेल्यापासून छातीत धडधडायचं, आता मरतो की काय असं वाटायचं. भाषा येत नाही, डॉक्टरला काय सांगणार? म्हणून मी मोबाइललाच विचारायचो. शेवटी दिला. दाजींनी तो उघडला तर नुसत्या जाहिराती: घबराटीवर औषध, मनाचे डॉक्टर, झोपेच्या गोळ्या. मामा वाकून म्हणाले, "काय निघालं ओ?"

सोयरीक तिथंच मोडली असती. दाजींनी खांद्यावरचा रुमाल मोबाइलवर टाकला. "पेंड, दुसरं काय!" म्हणाले, आणि खाली माझं एक बोट दाबलं: एवढंच का? मी अख्खा पंजा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला. तोंडानं मामांना एका मारक्या बैलाची गोष्ट सांगणं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी बैल बघायचा म्हणून दाजी मला जालन्याला डॉक्टरकडं घेऊन गेले. परतल्यावर ताईनं विचारलं, "कुठाय बैल?" "चांगलाय बिलकुल," दाजी म्हणाले, "जरा आराम पाह्यजे त्याला." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरीला मात्र तू सोताहून सांग. रुमाल बाजारात टाकायचा असतो, घरात न्हाई."

मी तिला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजची गोळी घेतली का?"

आता मी पुन्हा गिरणीच्या खोलीवर आहे. मोबाइलमध्ये दाजींचा ब्राउझर आहे, पुष्कळ बरंही आहे. तरी कधीतरी धडधडतं. तेव्हा मी गळ्यातला रुमाल हातावर टाकतो आणि आत पंजा उघडा ठेवून जरा वेळ बसतो.