उदासीचा बडग्या

शाळेच्या ग्रुपवर विषय आले तेव्हा मी वांग्याची भाजी फोडणीला टाकत होते. मानसिक आरोग्य जागृती प्रकल्प, इयत्ता आठवी. खाली विषय दिले होते: परीक्षेचा ताण, मोबाइलचं व्यसन, राग, एकटेपणा, उदासी. प्रत्येक गटाने एक निवडायचा. भाजी शिजायच्या आत सगळ्या आयांनी परीक्षेच्या ताणावर अंगठे उठवले. उठवतीलच! तो ताण त्यांनीच घरोघरी तयार केलेला, माल आयता हाताशी. मी मोबाइल निवडला. त्यात कोणाचं काही उघड होत नाही आणि पोरीला चार शब्द सुनावताही येतात.

पोरगी शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "मम्मी, आम्ही उदासी घेतली."

"काहून?"

"बाकीच्यांले गूगल करावं लागन. मले तर माहीत आहे न."

तिला माहीत होतं कारण तो विषय आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. माझा धाकटा भाऊ, तिचा मामा.

आम्ही आईच्याच घरात वर राहतो, आई आणि भाऊ खाली. भाऊ नागपूरबाहेरच्या मिहानमधल्या एका कंपनीत होता, तिकडेच भाड्याने फ्लॅट घेऊन राहायचा. बोलका, चेष्टेखोर, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना हसवत वाढणारा. मग त्याची झोप गेली, जेवण गेलं, हळूहळू ऑफिसला जाणंही गेलं. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या दिल्या, एकटं ठेवू नका म्हणाले. हिवाळ्यात तो सामान घेऊन घरी परत आला.

आमच्याकडे कोणी दवाखान्यातून किंवा लांबून परत आलं की आई त्याला पुढच्या दारात उभं करते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते आणि मगच आत घेते. भावाला मात्र तिने फोनवरच सांगून ठेवलं होतं, गाडी मागच्या बोळात थांबव. समोरच्या काकू दिवसभर गॅलरीत असतात आणि लग्नाचा मुलगा सामानासकट परत का आला, याचं उत्तर आईकडे नव्हतं. तो मोरीच्या बाजूच्या दाराने आत आला. आईने पटकन कडी लावली. पुढे कोणी विचारलंच तर ती सांगायची, वर्क फ्रॉम होम. कोरोनापासून या उत्तराची फार सोय झाली आहे.

तर आम्ही खाली गेलो, पोरीने विषय सांगितला आणि आईचा चेहरा उतरला. "घरातलं चव्हाट्यावर कायले नेऊन राहिली वं? राग घे न. राग काय, सगळ्यांलेच येते."

"आजी, मी मामाचं नाव थोडी घेणार आहे!"

मी आईच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आतल्या खोलीतून भावाचा आवाज आला. किती दिवसांनी तो आपणहून बोलला होता. "घेऊ दे तिले. मी मदत करतो."

त्यानंतर कोणाची काय टाप होती नाही म्हणायची.

प्रकल्प कसा करायचा हे गटावर सोपवलेलं होतं. कोणी तक्ते केले, कोणी नाटुकलं बसवलं. पण पोळा तोंडावर आलेला, आणि नागपूरच्या पोरांना पोळ्याच्या दिवसांत दुसरं काय सुचणार? त्यांनी बडगे करायचं ठरवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा आणि बडग्या म्हणजे पुरुषाचा. वर्षभरात जे जे नकोसं झालं, रोगराई म्हणा, महागाई म्हणा, त्याचा बडग्या करायचा, "ईडा, पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी ठोकत गावभर फिरवायचा आणि शेवटी वेशीबाहेर नेऊन जाळायचा. लहानपणी भाऊ आणि मी या मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडलो आहोत.

भाऊ बांबूच्या कामट्या घेऊन आला. स्वतः बाजारात जाऊन! मैद्याची खळ त्यानेच शिजवली. पोरगी आणि तिच्या मैत्रिणी ओसरीत रद्दी चिकटवत बसायच्या आणि तो सांगायचा, इथे खांदा जरा पाड, ताठ नको ठेवू. आई मधेच येऊन सगळ्यांना चिवडा द्यायची. मी जिन्यात उभी राहून बघायची आणि मला इतका आनंद व्हायचा की कामावर जायला उशीर व्हायचा.

तोंड रंगवायची वेळ आली तेव्हा पोरीने विचारलं, "मामा, उदासीचे डोळे कसे काढू? बंद?"

"उघडे ठेव. त्याले झोप नाही लागत."

अंगावर घालायला जुना शर्ट हवा होता. तो आत गेला आणि आपला आकाशी शर्ट घेऊन आला, ऑफिसला घालायचा तो. आईने इस्त्री करून घडी घालून ठेवलेला, कधीतरी पुन्हा लागेल म्हणून. आई म्हणाली, "हा नको गा, चांगला आहे." तो म्हणाला, "असू दे." आम्हाला वाटलं, मोकळा होऊन राहिला आहे. माणूस देतो आहे, हसतो आहे, अजून काय पाहिजे? आपण काय करून राहिलो हे आमच्यातल्या एकालाही उमगलं नाही.

शाळेच्या मैदानात पालकांना बोलावलं होतं. भाऊ आला. दाढी करून आला. आम्ही सायकल स्टँडजवळ उभे राहिलो. आधी मोबाइलचा बडग्या निघाला, पुठ्ठ्याचा, पोट मोठं. मग परीक्षेचा, अंगभर पेपर डकवलेला. आया खो खो हसल्या. मग आमचा निघाला. आकाशी शर्ट, पडलेले खांदे, उघडे डोळे. माझी मुलगी पुढे.

"उदासीले घेऊन जा गे मारबत!"

अख्खं मैदान ओरडायला लागलं. लहान वर्गातली पोरं तर नाचत होती. आणि मला तो बडग्या पहिल्यांदा दिसला. इतके दिवस ओसरीत होता तेव्हा कागद आणि कामट्याच दिसल्या. आता माझाच भाऊ पोरांच्या खांद्यावर चालला होता आणि सगळे त्याला गावाबाहेर ने म्हणत होते.

मी बाजूला पाहिलं. भावाचे ओठ हलत होते. आवाज अगदी बारीक, पण मी खेटून उभी होते. "मले घेऊन जा," तो म्हणत होता. "मले घेऊन जा गे."

मी त्याचा हात धरला. थंडगार होता.

मैदानाच्या कोपऱ्यात बडगे जाळायची तयारी होती. मोबाइल जळला, परीक्षा जळली. आमच्या गटाची पाळी आली तेव्हा पोरीने वळून मामाकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोणास ठाऊक. तिने बडग्याला कवटाळलं आणि हंबरडा फोडला. बाईंनी समजावलं, मैत्रिणींनी ओढलं, ती सोडेना. शेवटी बाईच म्हणाल्या, राहू द्या, घरी घेऊन जा.

ऑटोत बडग्या तिच्या आणि मामाच्या मधे बसला.

आई पुढच्या दारातच वाट बघत होती. बडग्या पाहून तिने दोन्ही हात चौकटीला लावले. "हे काय आणून राहिले? बडग्या कोणी परत आणते काय घरात? ईडा-पिडा आहे ते! बाहेर ठेव, बाहेर."

पोरगी रडत होती. भावाने तिच्या हातातून बडग्या घेतला, त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली.

"मले मागच्या दारानं घेतलं होतं न आई," तो म्हणाला. "याले तरी पुढून घे."

आईचे हात खाली आले. समोर काकू गॅलरीत उभ्या होत्या, पण आईने तिकडे पाहिलंही नाही. ती आत गेली आणि पोळीचा तुकडा आणि तांब्या घेऊन आली. भाकर केलेली नव्हती त्या दिवशी. तिने भावावरून तुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं ते निम्मं तिच्याच पायांवर सांडलं. "ये राजा," एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

तो बरा झाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गोळ्या चालू आहेत. बडग्या त्याच्याच खोलीत कोपऱ्यात उभा आहे आणि आई तिथला केर काढताना त्याच्या बाजूने हळू झाडते.

शाळेतल्या मिरवणुकीनंतर थोड्याच दिवसांनी खरी मारबत निघाली. आरोळ्या आमच्या बोळापर्यंत ऐकू आल्या. मी हातातलं काम टाकून खाली धावले. भाऊ खाटेवर बसला होता. मी त्याच्याजवळ बसले आणि मिरवणूक लांब जाईपर्यंत त्याचे ओठ हलतात का ते बघत राहिले.