एकोणतीसचे चौऱ्याण्णव

झुंबर सर सटाण्याच्या शाळेतून निवृत्त झाले आणि नाशिकला सिडकोत राहायला आले, ते जणू परीक्षक होण्यासाठीच. वक्तृत्व असो, निबंध असो की पाककृती, सर शाल टाकून हजर. "परीक्षकाला ना भाऊ ना भावकी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भावकीतल्या पोरांची कपाटं मात्र ढालींनी भरली होती.

वाचनालयाच्या कथास्पर्धेत घोटीच्या अंगणवाडीसेविका लताबाई दरवर्षी कथा पाठवत आणि दरवर्षी पडत. कारण एवढंच की एकदा भर व्याख्यानात त्यांनी सरांची एक म्हण दुरुस्त केली होती.

यंदा नवे सचिव सुनील यांनी कथांवरची नावं काढून नुसते नंबर टाकले. सर मनात हसले. भाची हर्षाली आधीच बोलून गेली होती, "मामा, मी कांदाचाळीवर लिहितेय." सात नंबरची कथा नेमकी कांदाचाळीवरची निघाली, संवादही सटाण्याकडच्या अहिराणीत. सरांनी चौऱ्याण्णव गुण दिले आणि शेरा लिहिला, "मातीतून उगवलेली लेखणी." भातलावणीवरची कथा घोटीची, म्हणजे लताबाईंचीच, असं धरून तिला एकतीस. शेरा, "अनुभव तोकडा."

बक्षीस समारंभात सुनीलनी पहिल्या आलेल्या कथेचा शेरा वाचला, मग नाव वाचलं. लताबाई! त्यांचं माहेर सटाण्याकडचं, हे सरांना कुठे ठाऊक? भातलावणी हर्षालीची होती. ऐन वेळी तिने विषय बदलला होता.

लताबाई माइकपाशी आल्या. "सर, हीच कथा मागच्या वर्षी पाठवली होती. तेव्हा वर माझं नाव होतं. तुम्ही एकोणतीस दिले होते."

सरांनी घसा खाकरला. "बघा, वर्षभरात तुमची लेखणी केवढी सुधारली!"

"काना-मात्रा बदललेली नाही, सर. त्याच कथेची झेरॉक्स आहे."

सभागृह खो खो हसलं.

खाली स्कूटरपाशी सर भाचीवर उखडले, "विषय बदलला, तर सांगायचं नाही का?"

हर्षालीचा चेहरा उतरला होता. "मामा, माझा अनुभव खरंच तोकडा वाटला?"

सर हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. तिची कथा त्यांनी पहिल्या पानापुढे वाचलीच नव्हती.

वाचनालयाने पुढच्या वर्षासाठी दुसरा परीक्षक शोधला. सर आता रांगोळी स्पर्धांना जातात. अट एकच घालतात: प्रत्येक रांगोळीशेजारी काढणारीचं नाव ठळक अक्षरात हवं, आडनावासकट.