दोन तासांचं विमान

मंडळी, आज सकाळी दिल्लीहून पुतण्याचा फोन आला. माझा थोरला भाऊ गेला. "काका, पुणे-दिल्ली दोन तासांचं तर विमान. या, आम्ही थांबतो."

बहात्तर साली इथे पारनेरला आई गेली, तेव्हा भाऊ दिल्लीत नोकरीला होता. मुंबईपर्यंत विमानाने येतोय, अशी त्याची तार आली. अग्नी थोरल्यानेच द्यायचा, म्हणून सगळे थांबले. विमानाचे दोन तास सगळ्यांनी धरले, मुंबईहून पारनेरचा रस्ता कुणी धरलाच नाही. दिवस बुडायला आला तसे मामा मला म्हणाले, "आता न्हाई थांबता येत. तूच धर मडकं."

भाऊ पोचला तेव्हा चिता विझत आली होती. "थोडं थांबायचं हुतं रं," एवढंच म्हणाला.

नात तिकीट बघतेय. मी अजून पारनेरातच आहे. पुतण्याला काय सांगू? थांब म्हणू, की उरकून घे?